न्यूनगंड कोण देते? उत्तर बाल्यावस्थेच्या सिद्धांतांचा गिरणगावातून प्रतिवाद

मुलाचे व्यक्तिमत्त्व पहिल्या पाच-सहा वर्षांत घडून जाते आणि त्यानंतर वयात येईपर्यंतची वर्षे ही केवळ अभ्यासाची, उंची वाढण्याची आणि फारसे काही न घडण्याची असतात, हा समज मुंबईच्या मराठी मध्यमवर्गात इतका मुरला आहे की तो मुळात एक सिद्धांत आहे, त्याला कर्ते आहेत आणि त्यावर कडक आक्षेपही घेतले गेले आहेत, याचेच विस्मरण झाले आहे. अध्यापकांच्या प्रशिक्षणात तोच समज शास्त्राचा वेष घेऊन येतो. सहा ते बारा या वयाला ‘उत्तर बाल्यावस्था’ म्हणायचे, फ्रॉइडची सुप्तावस्था, एरिक्सनची उद्यमशीलता आणि पियाजेची मूर्त विचारक्रिया तीन रकान्यांत मांडायची, परीक्षेपुरता तो तक्ता पाठ करायचा आणि पुढे वर्गात बसलेल्या मुलाला त्या तक्त्यात कोंबायचे, अशी ही रीत आहे. तिचा परिणाम असा होतो की जे मूल तक्त्यात बसत नाही त्याच्यातच काहीतरी उणे आहे असे ठरते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन नेमके उलट आहे: या वयात व्यक्तिमत्त्वाची अत्यंत निर्णायक घडण होते, ती मूल काय करू शकते याइतकीच त्याच्या करण्याला कोण मान देते यावर ठरते, आणि ज्याला न्यूनगंड म्हणतात तो मुलाच्या आत आपोआप उगवत नसून बहुतेक वेळा शाळा, जात आणि बाजार या व्यवस्थांनी त्याच्या पदरात टाकलेला असतो.

पहिल्या पाच वर्षांच्या महतीला दादरमध्ये विशेष बळ मिळाले, आणि त्यामागचे कारण सन्माननीय आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला आणि ज्या वयाला तोवर शिक्षणात जागाच नव्हती त्या वयाला ती मिळवून दिली. ती लढाई आवश्यक होती. परंतु पाया एकदा भरला की भिंती आपोआप चढतात, असा जो निष्कर्ष पुढच्यांनी तिच्यातून काढला तो ताराबाईंच्याच पुढील कार्याने खोडला आहे. 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबादच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह काम करताना त्यांच्यासमोर आली ती गुरे राखण्यात दिवस घालवणारी आदिवासी मुले. या मुलांनी गुरे सोडून बाकावर येऊन बसावे असा हट्ट न धरता त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरे जेथे चरतात तेथेच शाळा नेली. हातात काम असलेल्या मुलाची वाढ त्या कामाच्या अवतीभवतीच चालू असते आणि शाळेने तिला जाऊन मिळावे लागते, हे त्या निर्णयामागचे मानसशास्त्र आहे. दादरने ताराबाईंचा शिशुविहार उचलला. कुरणशाळेचा विचार मात्र कोसबादलाच राहिला.

सुप्तावस्थेच्या कल्पनेचा समाचार थोडक्यात घेता येतो. फ्रॉइडने 1905 मध्ये लैंगिकतेवरील आपल्या तीन निबंधांत असे मांडले की पाच-सहाव्या वर्षानंतर कामप्रेरणा दबून जाते, तिच्या वाटेत लाज, किळस आणि नीतिभावना यांचे बांध उभे राहतात आणि वयात येईपर्यंत ही स्थिती टिकते. 1927 मध्ये मॅलिनॉव्स्कीने ट्रोब्रिअंड बेटांवरील मुलांच्या निरीक्षणावरून दाखवले की तेथे असा कोणताही शांत कालखंड आढळत नाही. म्हणजे जी अवस्था निसर्गाची म्हणून सांगितली जात होती ती एका विशिष्ट कुटुंबरचनेची होती. रॉबर्ट व्हाइटने 1959 मध्ये दुसऱ्या बाजूने घाव घातला: मूल हाताळते, उलगडते, पुन्हा पुन्हा करून पाहते, ते दबलेल्या प्रेरणेला वाट काढण्यासाठी नव्हे, तर आपल्या कृतीने जगात काही घडते याचा आनंद हीच एक स्वतंत्र प्रेरणा असते म्हणून. या दोन आक्षेपांत मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वस्तीने, गिरणगावाने, तिसरा घालावा. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींची खोली सुमारे 160 चौरस फुटांची. तीत सात-आठ माणसे, कधी गावाकडून आलेला पाहुणा, कधी रात्रपाळी करून दिवसा झोपलेला काका. अशा खोलीतले सात-आठ वर्षांचे मूल केव्हा गॅलरीत जायचे, कोणते बोलणे ऐकूनही न ऐकल्यासारखे करायचे, झोपलेल्या माणसाच्या उशाशी पावले कशी टाकायची हे शिकते. लाज आणि संयम तेथे आतून दाटून येत नाहीत. ते शेजार राखण्याचे कौशल्य म्हणून डोळ्यांदेखत कमावले जातात. स्वतंत्र शयनगृह आणि दाई असलेल्या व्हिएन्नातील घरासाठी लिहिलेली अवस्था या खोलीवर लादणे हे शास्त्र नव्हे.

पश्चिमेचे सिद्धांत लागू पडत नाहीत म्हणून भारतीय मनाचा वेगळा सिद्धांत पुढे करणाऱ्यांचीही तीच गत होते. सुधीर कक्कर यांनी 1978 च्या ‘द इनर वर्ल्ड’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की भारतीय मुलगा दीर्घकाळ आईच्या कुशीत वाढतो आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास अचानक पुरुषांच्या शिस्तीत ढकलला जातो. या ‘दुसऱ्या जन्मा’ची जखम त्याच्या व्यक्तिमत्त्वात राहून जाते. स्टॅन्ली कर्ट्झ यांनी 1992 मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप, की एकत्र कुटुंबात मुलाला अनेक आया असतात आणि त्या सगळ्या मिळून त्याला एका मातेकडून समूहाकडे नेतात, हा अधिक पटणारा आहे. तरीही दोघांच्या डोळ्यांसमोर जे घर आहे ते गिरणी कामगाराचे नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेला पुरुष कित्येक दशके मुंबईत एकटाच राहिला, गाळ्यात पथारी टाकून, खाणावळीत जेवून; बायको-मुले गावी. मूल बापाकडे आले ते बहुधा आठव्या-दहाव्या वर्षी, शाळेसाठी किंवा कामासाठी, आणि आई-आजी-गाव एकदमच मागे टाकून. शिवाय कक्करांच्या कथेतला नायक मुलगा आहे. त्याच वयाच्या मुलीला असा दुसरा जन्म लाभलाच नाही, कारण ती आईच्या बाजूला बसून आईचेच काम करू लागली होती.

खरा सामना एरिक्सनशी आहे, कारण त्याचा सिद्धांत या वयाला गंभीरपणे घेतो आणि म्हणूनच त्याचे चुकीचे वाचन अधिक घातक ठरते. 1950 च्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात त्याने म्हटले की शाळकरी वयात मूल हत्यारे, अवजारे आणि कौशल्ये आत्मसात करू पाहते. सुरू केलेले काम पुरे करण्याची गोडी लागली तर उद्यमशीलता बळावते आणि पदोपदी अपयश आले तर आपण कमी आहोत ही भावना घर करते. मराठी शिक्षणव्यवहारात या वाक्याचे काय झाले? कौशल्य म्हणजे अभ्यास, पुरे केलेले काम म्हणजे गृहपाठ आणि यश म्हणजे गुणपत्रक, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि मग गुण कमी मिळवणारे मूल सिद्धांतानेच न्यूनगंडाच्या खात्यात जमा झाले. एरिक्सनने असे लिहिलेले नाही. अक्षरओळख नसलेल्या समाजांतही मुले थोरांकडून आणि मोठ्या मुलांकडून पद्धतशीर शिकतात, हे त्याने त्याच प्रकरणात नोंदवले आहे. त्याच ठिकाणी दोन इशारेही आहेत, ज्यांना आपल्या तक्त्यांत कधीच जागा मिळाली नाही: काम हीच माणसाची एकमेव किंमत मानणारे मूल पुढे यंत्राचे आणि यंत्र राबवणाऱ्यांचे मुकाट गुलाम होऊ शकते, आणि शिकण्याची इच्छा व जिद्द यापेक्षा कातडीचा रंग, आईबापांची पार्श्वभूमी किंवा कपडे यांवरच आपली लायकी ठरणार आहे असे मुलाला जाणवले, तर त्याच्या ओळखीच्या भावनेला कायमची इजा होऊ शकते. हाच एरिक्सन 1962 मध्ये अहमदाबादला आला, तेथे 1918 च्या गिरणी संपाच्या स्मृतीत गुंतला आणि 1969 मध्ये गांधींच्या सत्याग्रहावरचे पुस्तक लिहिता झाला. गिरणी, मजुरी आणि संप हे विषय त्याला परके नव्हते. ते परके झाले आहेत त्याचे तक्ते करणाऱ्यांना.

पहिला इशारा गिरणगावाने प्रत्यक्ष भोगला आहे. 1881 च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास राबवण्याची मुभा दिली. 1891 मध्ये ही किमान मर्यादा नऊवर गेली आणि तास सातवर आले. बारा वर्षांची मर्यादा 1922 मध्ये आली. म्हणजे पाठ्यपुस्तक ज्या वयाला शांत कालखंड म्हणते तेच वय मुंबईला लागू असलेल्या कायद्यात चार दशके कामाचे वय म्हणून नोंदलेले होते. सूतकताईच्या खात्यात भरलेल्या बॉबिन उतरवून रिकाम्या चढवायला छोट्या चपळ बोटांची मुले लागत. त्या कामात कौशल्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण ते कौशल्य पहिल्या काही आठवड्यांत संपत असे आणि त्यानंतर उरे ती केवळ गती, जी मुलाच्या नव्हे तर यंत्राच्या हातात होती. मूल वाढत होते, काम वाढत नव्हते. उद्यमशीलतेसाठी कामाने मुलापुढे नवी पायरी ठेवावी लागते; तसे न करणाऱ्या कामाला एरिक्सनच्या नावाने बालमजुरीचे समर्थन म्हणून कोणी पुढे करत असेल, तर त्याने तो सिद्धांत अर्धाच वाचला आहे.

हा फरक शिवाजी पार्कच्या कडेला स्पष्ट दिसतो. 1925 मध्ये स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात पिढ्यानपिढ्या सात-आठ वर्षांची मुले मल्लखांबाला लागतात. एरंडेल चोळलेल्या लाकडाला पकड बसत नाही, अंग घसरते. मग साधी उडी बसते, मग दसरंग, मग त्याहून अवघड पकड, आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचे कसब अंगात राहते. शेजारी उभे राहून हात देणारा बहुधा दहा-बारा वर्षांचाच मुलगा असतो, जो दोन वर्षांपूर्वी स्वतः घसरत होता. उलट दहीहंडीच्या थरांवर सर्वांत वर चढवल्या जाणाऱ्या बालगोविंदाची निवड होते ती मुख्यतः त्याच्या वजनावर. गुरुपौर्णिमेपासून चालणाऱ्या सरावात तो धीट होतो हे खरे; परंतु वजन वाढले की त्याची जागा जाते, कसब वाढले म्हणून काही मिळत नाही, आणि पडला तर मोडतो तो. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये अठरा वर्षांखालील गोविंदांना मनाई केली, 2017 मध्ये ती मर्यादा चौदावर आली. त्या वादात हंडीने मुलांत धैर्य आणि संघभावना येते, व्यक्तिमत्त्व घडते, असे युक्तिवाद गिरगावपासून लालबागपर्यंत ऐकू आले. ज्या कामात मुलाची पात्रता त्याच्या लहानपणापुरतीच आहे त्याने व्यक्तिमत्त्व घडत नाही, एवढेच त्याला उत्तर आहे.

चाळीतल्या मुलीच्या कौशल्याकडे मात्र ना सिद्धांतांनी पाहिले, ना चाळीच्या आठवणींत रमणाऱ्यांनी. सार्वजनिक नळाला पहाटे पाणी येते तेव्हा नऊ वर्षांची मुलगी हंडा, कळशी आणि बादली रांगेत लावते. कोणत्या भांड्यात किती मावते, नळ जाण्याआधी पिंप भरायला किती खेपा लागतील आणि शेजारणीच्या हंड्याला आपली कळशी किती वेळा, याचा हिशेब तिच्या तोंडावर असतो. रुंद भांड्यातले पाणी अरुंद भांड्यात ओतले तरी राशी तीच राहते ही समज पियाजेने मूर्त विचारक्रियेची खूण मानली. ती तपासायला त्याने काचेची पात्रे वापरली, ही मुलगी ती रोज पितळेच्या भांड्यांत वापरते. मेक्सिकोतील कुंभारांच्या मुलांना मातीच्या राशीची अक्षयता इतर मुलांपेक्षा लवकर उमगते, असे प्राइस-विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये दाखवले. मुंबईतही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी घरगुती उद्योगांच्या दाट वस्तीतील मुलांना कामातून येणाऱ्या गणिताचा अभ्यास केला आहे. तरीही शाळेत ही मुलगी ‘गणितात कच्ची’ ठरू शकते, कारण तिचे गणित वहीत उतरलेले नसते. घरी आई खाणावळ चालवत असेल तर कणीक मळणे, डबे भरणे, कोणाचा डबा कोणत्या पाळीला जायचा हे लक्षात ठेवणे, धाकट्याला कडेवर सांभाळणे हे सारे तिच्याकडे येते. व्हायटिंग दांपत्याने सहा संस्कृतींतील मुलांच्या 1975 च्या अभ्यासात दाखवले की धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुले इतरांची काळजी घेण्यात आणि जबाबदारीत पुढे असतात. हे गुण व्यक्तिमत्त्वाचे नव्हेत तर कशाचे? परंतु मोबदल्याशिवाय, नावाशिवाय आणि शाळेची वेळ खाऊन मिळालेल्या या गुणांना घरात ‘मुलीच्या जातीला यायलाच हवे’ एवढीच दाद मिळते. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले तेव्हा खाणावळवाल्या बायकांचे काम प्रथमच बँकेच्या कर्जास पात्र असा व्यवसाय मानले गेले. त्यांच्या शेजारी बसून पोळ्या लाटणाऱ्या मुलींच्या कामाला ते भाग्य लाभले नाही.

1982 च्या संपानंतर गिरणगावच्या मुलांविषयी एक सोपे निदान रूढ झाले: बाप बेकार झाला, घरातला धाक गेला, मुलांचे व्यक्तिमत्त्व बिघडले आणि पोरे टोळ्यांकडे वळली. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी सुरू केलेल्या संपाचे खापर अशा रीतीने एका पिढीच्या स्वभावावर फोडले गेले. या निदानाची कसोटी घ्यायला ग्लेन एल्डर यांचे 1974 चे संशोधन उपयोगी पडते. 1920-21 मध्ये जन्मलेली अमेरिकेतील ओकलंडची मुले महामंदीच्या तडाख्यात उत्तर बाल्यावस्था ओलांडत होती. ज्यांची घरे बुडाली त्यांतील मुली घरकामात आणि मुलगे बाहेरच्या छोट्या नोकऱ्यांत ओढले गेले, आणि एल्डर यांना आढळले की यांपैकी पुष्कळांनी प्रौढपणी हिमतीने संसार उभे केले. बर्कलीमधील आठ वर्षांनी धाकट्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, तीच मंदी अधिक जड गेली. म्हणजे संकटाने व्यक्तिमत्त्व मोडतेच असे नाही. ते कोणत्या वयात गाठते आणि पुढे कोणते दार उघडते यावर सारे अवलंबून असते. ओकलंडच्या मुलांपुढे सैन्य, युद्धोत्तर शिक्षणाच्या सवलती आणि भरभराटीचा रोजगार होता. परळ-लालबागच्या मुलाने संपाच्या वर्षात पेपर टाकले, भाजीच्या गाडीवर उभे राहिले, आईच्या खाणावळीचे डबे पोचवले, म्हणजे ओकलंडच्या मुलाने जे केले तेच केले. पण तो अठरा वर्षांचा होईतो गिरण्या बंद पडत होत्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांनी आणि त्यांतील 2001 च्या दुरुस्तीने गिरण्यांची जमीन बांधकामाला मोकळी केली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली, आणि ज्या फाटकातून बाप आत जायचा तेथे मॉल उभा राहिला. दहा वर्षांच्या वयात कमावलेली उद्यमशीलता विसाव्या वर्षी खर्च करायला जागाच राहिली नाही. हा स्वभावाचा दोष म्हणून नोंदवणे हा त्या मुलांवर झालेला दुसरा अन्याय आहे.

एरिक्सनच्या दुसऱ्या इशाऱ्याचे याहून तीव्र उदाहरण मराठीतच आहे. 1901 मध्ये साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेले नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर मसूर स्टेशनवर उतरले तेव्हा चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आस्थेने बोलला आणि जात कळताच मागे सरला. दुप्पट भाडे देऊन मिळालेली बैलगाडी त्यांना आणि सोबतच्या मुलांनाच हाकावी लागली आणि रात्रभर पाणी मिळाले नाही. शाळेत बसायला घरून आणलेले गोणपाट होते आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नव्हते. बाबासाहेबांनी हे अनुभव पुढे स्वतः लिहून ठेवले आहेत. या मुलापाशी हुशारी होती, घरात शिक्षणाचा आग्रह होता, तक्त्यातल्या साऱ्या अटी पुऱ्या होत होत्या. तरीही रोज सांगितले जात होते की तू कमी आहेस. पुढे परळच्या चाळीतून एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाणाऱ्या त्या विद्यार्थ्याने या सांगण्याचा पराभव केला. असामान्य माणसाने व्यवस्थेवर मात केली म्हणून व्यवस्था निर्दोष ठरत नाही, आणि त्या वर्षांत काही घडत नव्हते असे तर मुळीच म्हणता येत नाही.

आता प्रश्न आजचा. शिक्षण हक्क कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्राने 2023-24 पासून पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा आणली, आणि पुनर्परीक्षेतही जमले नाही तर मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. मुलांना धाक हवा, नापास होण्याच्या भीतीने ती कष्ट घेतात, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे. तो वयाचे मानसशास्त्र न पाहता केलेला आहे. सुमारे सात-आठ वर्षांपर्यंत मूल स्वतःविषयी भरभरून बोलते, त्यानंतर ते स्वतःला इतरांशी तोलू लागते. आणि जॉन निकल्स यांनी 1978 मध्ये दाखवल्याप्रमाणे कष्ट आणि कुवत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, कष्ट करूनही जमले नाही म्हणजे कुवतच कमी, हा हिशेब मुले अकरा-बाराव्या वर्षाच्या आसपास मांडू लागतात. पाचवीतले मूल नेमके या उंबरठ्यावर असते. त्याच क्षणी शासनाचा शिक्का त्याला सांगतो की तू मागे राहिलास, आणि त्याचे सोबती पुढच्या वर्गात जातात. हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या मते याच वयात, साडेआठ-दहाच्या सुमारास, मुलाला पहिला जिवलग सोबती लाभतो, ज्याचे सुख स्वतःच्या सुखाइतकेच मोलाचे वाटते, आणि पुढच्या साऱ्या आत्मीयतेची ती सुरुवात असते. नापासाचा शिक्का मुलाकडून एका फटक्यात स्वतःविषयीचा विश्वास आणि हा सोबती दोन्ही हिरावून घेतो. मागे पडलेल्या मुलाला मदत हवी यात वाद नाही. पण ती त्याच्या सोबत्यांमध्ये ठेवून, पुढच्या वर्गातही देता येते, आणि ती देणे शाळेचे काम आहे.

म्हणून पाचवीच्या मुलाला त्याच वर्गात रोखून ठेवण्याची तरतूद शासनाने मागे घ्यावी, महापालिकेच्या शाळांनी मुलाच्या प्रगतिपुस्तकात त्याच्या घरच्या आणि वस्तीतल्या कामातून आलेल्या कौशल्यांना जागा द्यावी, आणि अध्यापक विद्यालयांनी तीन रकान्यांचा तो तक्ता काढून टाकून एरिक्सनचे ते प्रकरण त्यातील दोन्ही इशाऱ्यांसह विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे.